आयांचा आवाज

"मी बरी नाही हो," शाल्मली म्हणाली.

दिवा हिरवा.

ॲबर्डीनमधल्या प्रयोगशाळेत हेमांगी रणदिवेने दिव्याकडे पाहिलं. शाल्मलीकडे नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी जतहून इथं आलेली ही बाई, आवाजावरून मनाचा आजार ओळखणाऱ्या कंपवेधक यंत्राच्या मते, निरोगी होती, आणि उपचारांच्या मोजक्या जागा लाल दिव्यांसाठी राखलेल्या होत्या.

"समुद्रावर चार पावलं फिरत जा. बरं वाटेल."

शाल्मली फिरायला गेली. पाण्यात शिरली. मच्छीमारांनी बाहेर काढलं. जिवंत आहे.

बोलत नाही.

"यंत्र चुकलं कसं?" मनोविकारतज्ज्ञ उषाताई कर्णिकांनी विचारलं. "मला म्हातारीला कळेल असं सांग."

"दुःख मुरलं की स्वरतंतूंची थरथर बदलते. कानाला कळत नाही, लपवताही येत नाही. पण बदललीय हे ठरवायला तुलनेला निरोगी आवाज लागतो. संदर्भस्वर."

"तो कुणाचा?"

"आधी इथल्या बायकांचा होता. पण मग आपल्याकडच्या सगळ्याच लाल दिसायला लागल्या. अगदी सगळ्या! म्हटलं, भाषेचा फरक. गोऱ्यांच्या मापात आपल्याला कशाला बसवायचं?"

"मग?"

"मग आयांचा घेतला. या बायका रविवारी माहेरी फोन करतात ना, त्यातलाच. रीतसर परवानगीने. तीच भाषा, तोच हेल. माझी आईसुद्धा आहे त्यात."

"आणि त्या आयांना तपासलं कुणी?"

"त्यांना कशाला? त्या आपल्या घरी आहेत, आपल्या माणसांत."

"वा गं शहाणे," उषाताई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दोघींनी जुना, इथल्या बायकांचा संदर्भस्वर परत लावला. त्याच फोनांमध्ये मध्येच घुसून 'मावशी, मावशी' करणाऱ्या शाळकरी भाच्यांचे आवाज आधी तपासले. तीच भाषा, तोच हेल.

हिरवा. हिरवा. हिरवा.

म्हणजे दोष भाषेचा नव्हता.

मग शाल्मली. लाल.

मग शाल्मलीची आई. लाल. नगरची, बिदरची, एकेकीची आई. लाल, लाल, लाल. पहिल्या दिवसापासून यंत्र खरंच सांगत होतं. आजारी मुलींची तुलना आजारी आयांशी करून हेमांगीने सगळ्यांना निरोगी ठरवलं होतं.

रविवार. हेमांगीने प्रयोगशाळेतूनच इस्लामपूरला आईला फोन लावला. यंत्राला फक्त पलीकडचा आवाज जोडला.

"जेवलीस का गं?"

"हो. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? मजेत."

लाल.

"अगं, भिशीत सगळ्यांना सांगितलं, आमच्या हेमाच्या यंत्रात माझा आवाज लावलाय. निरोगी बाईचा नमुना म्हणून! कुसुमवन्सं नुसत्या जळून खाक."

लाल.

"आई, तो काढावा लागला."

"का? चिरका निघाला?"

"आजारी निघाला. कधीपासून गं, आई?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. आतून बाबांनी चहा मागितला. आईने फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण तिचा श्वास ऐकू येऊ लागला.

"भिशीत कळता कामा नये, हेमा."

"नाही कळणार."

"आणि तुझा? तुझा दिवा कुठला लागतो?"

"मी माझा कधी लावूनच पाहिला नाही."

"मग लाव की आता. मी आहे फोनवर."

"अगं, चहा!" बाबा.

"थांबा हो जरा!"

बाबांना 'थांबा' म्हणताना हेमांगीने आईला पहिल्यांदाच ऐकलं. स्वतःचा आवाज यंत्राला जोडायची वायर टेबलावर होती, हाताशीच. हात मात्र उचलवत नव्हता.

"लावलास का गं?" आईने विचारलं.