सीडीची ऊब

धारवाडला आमच्या माळमड्डीच्या घरी ब्रॉडबँड आलं आणि माझा व आमच्या मुलाचा, साकेतचा, एक वाद सुरू झाला. तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी तारिहाळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तिथं झडपा बनतात. त्या मापात आहेत की नाहीत हे बघायचं, एवढंच माझं काम. माप घेतल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय नोकरीनं लावली, आणि तिचा जाच घरच्यांनी सोसला. मी साकेतला म्हणायचो, आता गेमच्या सीड्या विकत कशाला आणायच्या? सगळं वायरीतून घरात येतं. सीडीवर ओरखडे पडतात, मित्र नेतात आणि विसरतात.

“अप्पा, वायरीतनं आलेलं आपलं असतंय का? हातात धरता आलं पाहिजे की,” तो म्हणायचा.

त्याचा लाडका गेम एकच. एक नदी, एक नावाडी, आणि पलीकडे जायला थांबलेली माणसं. सगळे मित्र कॉपीवर भागवत होते, यानं मात्र सुभाष रोडवरच्या दुकानातून ओरिजिनल सीडी आणली होती, छान डबीसकट. नावेला आपल्या आवडीचं नाव देता यायचं. त्यानं आईचं दिलं होतं, दीपश्री. दीपा वरवर चिडायची, पण शेजारणींना बोलावून दाखवायची.

आमच्याकडे कणकेचा शेवटचा उंडा लहान राहतो, आणि त्याची पोळी घरातल्या धाकट्याची असते. साकेत इंजिनिअरिंगला गेला तरी हा मान त्यानं सोडला नव्हता. बरोबर सीडीएवढी पोळी, तव्यावरून उतरली की तूप लावून हातात. तो ती खेळता खेळता खायचा आणि माऊसला तूप लावून ठेवायचा. त्या तुपावरून मी किती आरडाओरडा केला असेन! मग कम्प्युटर बंद करताना तो सीडी काढायचा, स्वयंपाकघरात मागून हळूच जायचा आणि ती दीपाच्या गालाला लावायचा.

“आई, गरम पोळी!”

ती दचकायची, लाटणं उगारायची, आणि दोघं हसत सुटायची. सीडी ड्राइव्हमध्ये जोरात फिरते, आतली मोटर तापते, म्हणून बाहेर काढल्यावर ती गरम लागते. त्यात नवल काही नाही. एवढ्या पातळ प्लास्टिकमध्ये ऊब टिकतही नाही, डबीत ठेवेपर्यंत जाते. हेही मी त्या दोघांना समजावून सांगितलं होतं. असला मी माणूस.

श्रावणात साकेतला ताप आला. हुबळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आठवडा संपायच्या आत तो गेला. हे वाक्य मला अजून सावकाश लिहिता येत नाही, म्हणून घाईनं लिहून टाकलं.

त्यानंतर दीपानं पोळ्या करणं सोडलं. भात व्हायचा, सार व्हायचं. शेवटचा उंडा कुणासाठी ठेवायचा, असं तिनं एकदाच विचारलं. रोज दिवेलागणीला ती मधल्या खोलीत जायची, कपाटातून ती डबी काढायची, सीडी गालाला लावून डोळे मिटून बसायची. मी कारखान्याच्या बसमधून उतरून घरी यायचो तेव्हा ती तशीच बसलेली असायची. चहा नाही, बोलणं नाही. हळूहळू तिचं बसणं लांबत चाललं. दुपारीच खुर्ची ओढून ती संध्याकाळची वाट बघू लागली. अंगावर मांस राहिलं नाही. मुलगा गेलाच होता, आता बायकोही हातची जाते की काय, या भीतीनं मला ग्रासलं.

वर्षश्राद्धाला हुबळीच्या कमरीपेठेतून माझी थोरली बहीण अंबूताई आली. दीपाकडे तिनं बघितलं आणि मला मागच्या अंगणात नेलं.

“सुधी, आपल्यात वर्षश्राद्धाला गेलेल्याची आवडती वस्तू त्याच्या वयाच्याला देतात, ठाऊक आहे न्हवं? अजून का ठेवून घेतलायस? त्याचा पाय गुंतून राहतोय त्यात. आणि हिचाही.”

पायाबियाचं मला पटलं नाही, पण दुसरं पटलं. मी विचार केला आणि मला माझा जुनाच मुद्दा आठवला. सीडी द्यावी साकेतच्या मित्राला, सतीशला. अळणावरजवळच्या खेड्यातला गुणी पोरगा, हॉस्टेलातून सुटीला आमच्याकडे यायचा. आणि तोच गेम नेटवरून उतरवून घ्यावा. साकेतचा अर्धवट राहिलेला खेळ कम्प्युटरमध्येच होता, तो जसाच्या तसा उघडला असता. दीपाला बघायला सगळं राहिलं असतं. वस्तू तेवढी गेली असती.

दीपानं ऐकून घेतलं. “डबी राहू दे,” एवढंच म्हणाली.

सतीशनं सीडी रुमालात गुंडाळून नेली. गेम उतरायला आमच्या त्या लाइनवर बरेच दिवस लागले. उतरल्यावर सीडीची गरजच उरली नाही, म्हणून ड्राइव्हच्या दोन्ही वायरी, विजेचीसुद्धा, मी काढून टाकल्या. जुना झाला होता, उगीच घरघरायचा. मग दीपाला शेजारी बसवून गेम सुरू केला. सीडी न मागता तो झटकन उघडला. नदी आली, काठ आला, नावेवर दीपश्री लिहिलेलं आलं. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“नावाडी कुठाय?” दीपानं विचारलं.

नाव काठाला बांधलेली होती. वल्हं आडवं ठेवलेलं होतं. नावाडी नव्हता. मी सगळ्या कळा दाबून बघितल्या. नेटवरची आवृत्ती जरा वेगळी असेल, असं मी तिला सांगितलं. खरंच तसं असू शकतं, अजूनही मला वाटतं.

दीपानं पडद्याला बोट लावलं. “हे थंड आहे हो,” म्हणाली आणि उठून गेली.

दिवाळीच्या सुटीत सतीश आला. दारातच उभा राहिला. खिशातून रुमालाची घडी काढून त्यानं माझ्यापुढे धरली.

“काका, ही तुम्हीच ठेवा.”

“का रे? चालत नाही का?”

“चालवायला घरात कम्प्युटर कुठाय? ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली होती.” तो मान खाली घालून उभा राहिला. “सांजेला गरम हुतीया. माझ्या अव्वानं हात लावून बघितला. म्हणाली, ज्येची हाय त्येच्या घरी देऊन ये.”

मी हसलो. पत्र्याची ट्रंक उन्हात असेल, असं म्हणालो. ट्रंक खाटेखाली असते, तो म्हणाला. तेवढ्यात दीपा बाहेर आली, तिनं त्याच्या हातून रुमाल घेतला, सीडी काढली आणि गालाला लावली. तेव्हा दिवेलागण झाली होती. वर्षभरानंतर मी तिला हसताना बघितलं. आनंद व्हायला हवा होता. पाठीवरून थंड हात फिरल्यासारखं वाटलं.

मी हात लावला. सीडी गरम होती.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून तबकडीचा थर्मामीटर घेऊन आलो. सीडी डबीत घातली, डबी स्टीलच्या कपाटात ठेवली, किल्ली खिशात घेऊन कामावर गेलो. संध्याकाळी कपाट उघडलं. कपाटाचा पत्रा गार, डबी गार. सीडीवर थर्मामीटर टेकवला तर काटा सरसर वर चढला आणि ड्राइव्हमधून नुकत्याच काढलेल्या सीडीइतक्या उबेवर थांबला. मग आमच्या डोळ्यांदेखत ऊब उतरत गेली, अगदी जशी उतरायला हवी तशी. थर्मामीटर बदलून पाहिला. जागा बदलून पाहिली. रोज तेच.

मला कारण सापडलं नाही. शोधणं मी थांबवलं, कारण रोज संध्याकाळी मीही घड्याळाकडे बघू लागलो होतो. बसमधून उतरून भराभरा चालत घरी यायचो. आधी दीपा सीडी गालाला लावायची, मग माझ्या गालाला. त्या उबेत आमचा मुलगा होता, मला शपथेवर सांगता येईल.

पण दीपा अन्नावाचून सुकत चालली होती. तिला आता भातही नको झाला होता.

“तो आत्ताच उठलाय खेळावरून,” एकदा ती म्हणाली. “सीडी काढून ठेवली त्यानं. आता जेवायला येईल.” असं म्हणून तिनं ताट वाढून झाकून ठेवलं, आणि त्या ताटापाशी सकाळपर्यंत बसली. पुढे रोजच बसू लागली. तो आल्याशिवाय ती जेवणार नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच चाललं तर कठीण आहे.

मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो. “दीपा, सीडी किंवा तू. दोघी मला सांभाळता येत नाहीत गं,” मी म्हणालो आणि रडलो. साकेत गेला तेव्हा रडलो नव्हतो इतका.

मग तिनं माझे डोळे पुसले.

“रोज आपण हाक मारतो, रोज तो दारापर्यंत येतो,” ती म्हणाली. “आत येता येत नाही त्याला. दमत असेल हो पोर.”

तिनंच ठरवलं. रविवारी आम्ही केलगेरीच्या तळ्यावर गेलो. प्लास्टिक पाण्यात टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही, तरी टाकलं. दीपानं सीडी एकदा गालाला लावली, मला दिली, मी लावली. दिवस वर होता, सीडी गार होती. पाण्यावर ती थोडी तरंगली, उन्हात चमकली आणि तिरकी होऊन खाली गेली. “नीट जा रे राजा,” दीपा म्हणाली. येताना बाजारातून तिनं गव्हाचं पीठ घेतलं.

त्या संध्याकाळी वर्षानंतर घरात पोळ्यांचा वास सुटला. दीपा माझ्यासमोर बसून जेवली. दोन घास जास्तच जेवली. मला इतकं हलकं वाटलं की उठून मी मधल्या खोलीत गेलो. वस्तू गेली तरी गेम होता. तो तरी बघावा, त्याची नाव तरी बघावी, म्हणून कम्प्युटर लावला.

नदी आली नाही.

काळ्या पडद्यावर मधोमध एक चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं, कृपया सीडी घाला.

नेटवरून उतरवलेला गेम सीडी मागत नाही. त्याला सीडी ठाऊकच नसते. मी चौकट बंद केली. ती पुन्हा आली. बंद केली. पुन्हा आली.

मग खाली काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

ड्राइव्हचा ट्रे बाहेर आला होता.

मी वाकून कम्प्युटरचं बाजूचं झाकण उघडून आत बघितलं. काढलेल्या दोन्ही वायरी तशाच लोंबत होत्या, टोकांवर धूळ.

“दीपा,” मी हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. तिनं पडदा बघितला, पुढे आलेला रिकामा ट्रे बघितला. घाबरली नाही. आत गेली. लाटण्याचा आवाज आला, तव्याचा आला. शेवटचा उंडा तिनं ठेवलेला होता.

लहानशी पोळी दोन्ही तळव्यांवर धरून ती आली. वाफ निघत होती, तूप चमकत होतं. तिनं ती ट्रेच्या खोलगट गोलात ठेवली. बरोबर बसली.

आम्ही उभे राहिलो.

ट्रे आत गेला.

कसलीही घरघर झाली नाही. चौकट गेली. नदी आली, काठ आला. नाव पाण्यात होती आणि नावाडी आमच्याकडे पाठ करून तिच्यात बसला होता. दीपानं कम्प्युटर बंद केला नाही. “बसू दे त्याला,” म्हणाली आणि दिवा मालवून मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. दार तिनं ओढून घेतलं.

सकाळी मी एकटाच आत गेलो. ड्राइव्हच्या बारीक भोकात टाचणी घालून ट्रे बाहेर काढला. माणूस खात्री केल्याशिवाय राहत नाही. आत पोळी नव्हती, कणही नव्हता. मी बंद करायला म्हणून माऊस धरला आणि हात मागे घेतला.

माऊसला तूप लागलेलं होतं.