घरातील माणसे : दोन

“ही तुझी ट्रंक. कपडे आत आहेत, बूट वर ठेवलेत. काही राहिलं असेल तर आत्ताच बघून घे, पुन्हा मागायला यायचं नाही!”

ताईनं ट्रंक दाराबाहेर ढकलली, तेव्हा तिची कड फरशीवर अशी खरवडली गेली की समोरच्या घराचं दार किलकिलं झालं आणि लगेच मिटलं. धाकटा भाऊ उंबऱ्याशी नुसता उभा. त्याला घरात सगळे भोंगा म्हणत, कारण पाळण्यात असल्यापासून त्याचं रडणं तीन मजले ऐकू जायचं; पण त्या सकाळी त्या भोंग्यातून आवाजच फुटेना. आधी त्याला वाटलं, ताई थट्टा करतेय. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू ओठांवरच विरलं.

“ताई, झालं काय पण? मी केलं काय?”

“तुझ्या तुकडीला विचार! मोर्च्यावर गोळ्या कुणी झाडल्या? चौदा माणसं गेली… तो गणवेश माझ्या दोरीवर वाळत घालायचा नाही मला.”

“मी वायरलेसच्या गाडीत होतो! हातात बंदूकसुद्धा नव्हती माझ्या, तुला माहितेय!”

“मला काही माहीत नाही. हे घर मला नोकरीवर मिळालंय, माझ्या नावावर आहे. नीघ!”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “अगं, वेड लागलंय का तुला? बाप गेला तेव्हा याच्यासाठी पुढचं शिक्षण सोडलंस, याची शाळा, याचे ताप, याचे हट्ट सगळं तूच काढलंस… आणि आज त्यालाच रस्ता दाखवतेस? देवा, ही कुणाच्या पोटी… नाही, माझ्याच पोटी जन्मलीस तू!”

ताईनं ट्रंक पायानं आणखी पुढे सारली. बोलली असती तर आवाज फुटला असता, आणि आवाज फुटला असता तर सगळंच संपलं असतं! भावानं ट्रंक खांद्यावर घेतली. जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. तिनं ती मोजली, सवयच होती तिला मोजण्याची. अठ्ठावीस. मग ती न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड तोंडात पदर कोंबून हुंदके देऊ लागली.

तिच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद होता. त्याबद्दल त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ताई रुग्णालयात उपकरणं दुरुस्त करायची. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या काचपेट्यांत ठेवतात, त्या आठ पेट्या तिच्या ताब्यात होत्या. प्रत्येक पेटीत बोटभर आकाराचा एक सेल असतो. तो पेटीतल्या हवेत प्राणवायू किती ते सांगतो. प्राणवायू कमी पडला तर बाळ निळं पडतं, आणि जास्त झाला तर त्याचे डोळे जातात, कायमचे. हा सेल मोठा विचित्र. वापरा वा न वापरा, पाकीट फोडल्यापासून तो स्वतःलाच झिजवत राहतो आणि साधारण वर्षभरात संपतो. संपत आला की खोटं बोलू लागतो: साध्या हवेत एकवीस दाखवायला हवं, तर सोळा दाखवतो. नर्स बिचारी सोळा बघून झडप आणखी उघडते…

हे सेल समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशात बनत. त्याच देशानं चार वर्षांपूर्वी सुरक्षा मदत म्हणून भोंग्याच्या तुकडीला वायरलेस संच दिले होते, त्याला स्वतःला तीन महिने तिकडे नेऊन शिकवलंही होतं. मग मोर्च्यावर गोळीबार झाला, आणि त्याच देशाच्या संसदेनं नवा कायदा केला: तुकडीचं नाव यादीत गेलं, तिच्या उपयोगी पडेल असं काहीही या देशात पाठवायचं तर आधी कडक तपासणी. पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांच्या श्वसनयंत्रात असाच सेल लागतो, म्हणून बाळांच्या पेटीतला सेलही त्यात अडकला.

ज्याच्या ताब्यात माल राहणार, त्यानं सही करायचा तो कागद ताईच्या पिशवीत होता. सातवा प्रश्न असा होता: यादीतल्या तुकडीत नोकरी करणारी व्यक्ती तुमच्या घरात राहते का? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, घर म्हणजे एका दाराआड राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं.

दुसरं कुणीही असतं तर डोळे मिटून ‘नाही’ लिहून मोकळं झालं असतं. पण ताईनं आयुष्यात कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. तपासणीच्या वहीत ‘अंदाजे’ हा शब्दसुद्धा तिला चालायचा नाही. तीन दिवस ती तो कागद घेऊन फिरली. सही दुसऱ्या कुणाची चालली नसती, कारण पेट्यांचं काम दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं. शेवटी तिनं ठरवलं: उत्तर बदलता येत नाही ना, मग घर बदलायचं! आणि हे भावाला वा आईला सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते सगळं ठरवून केलेलं नाटक होईल, आणि नाटकाखाली ती सही कशी करणार? प्रयोगात भाग घेणाऱ्याला प्रयोग माहीत नसला, तरच निष्कर्ष खरा, असं ती शिकली होती.

चौथ्या दिवशी तिनं ट्रंक काढली. पाचव्या दिवशी लिहिलं: घरातील माणसे दोन. सातव्या प्रश्नाचं उत्तर, नाही.

पाच महिने गेले. आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बोलायची वेळ आलीच तर भिंतीशी बोलायची. “मोठ्या बाईंना जेवायचं असेल तर पातेलं ओट्यावर आहे म्हणावं.” भाऊ टायरच्या दुकानामागे एका खोलीत राहतो, एवढं तिला शेजारणीकडून कळलं. वाळला आहे, हेही कळलं. बातमी ऐकली की ती पेट्यांकडे धावायची. तिथं आता तीनच सेल खरं बोलत होते. आठ पेट्या, तीन सेल! दर वीस मिनिटांनी ती एका पेटीतला सेल काढून दुसऱ्या पेटीत लावायची, आकडा बघायची, झडप सारखी करायची, पुढच्या पेटीकडे वळायची. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, “अगं, जरा टेक कुठेतरी. पायांना चाकं लावलीत का तुझ्या?” पण टेकलं की मन खायला उठायचं… चालत राहिलेलं बरं!

एका दुपारी सेल बनवणाऱ्या कंपनीचा तपासनीस आला. इथलाच माणूस, घामेजलेला, काखेत जाड फाइल. पेट्या पाहिल्या, वह्या पाहिल्या, मान डोलावली.

“कागद चोख आहेत, बाई. आता फक्त घर बघायचं.”

“कधी?”

“आत्ता. आधी सांगून घर बघायचं नाही, असाच नियम आहे.”

घर पाच मिनिटांवर. ताईनं किल्ली फिरवली, दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

भोंगा जेवायला बसला होता! समोर भरलेलं ताट, शेजारी आई, तिच्या हातात वाढायचा डाव. ताई कामावर असताना आईनं त्याला चोरून बोलावलं होतं, पाच महिन्यांत पहिल्यांदा. घास त्याच्या हातातच राहिला. अंगावर तोच गणवेश, खांद्यावर तुकडीची पट्टी, लांबूनही वाचता येईल अशी.

तपासनिसानं पट्टी वाचली, ताटाकडे बघितलं आणि पेन काढलं.

“हे कोण?”

ताईनं किल्ली पिशवीत टाकली. “माझा भाऊ.”

“इथे राहतात?”

“नाही.”

“इथे जेवतात, असं दिसतंय मला.” तो आवाज न चढवता बोलत होता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. “बाई, मलाही हे काम आवडत नाही. पण सातव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ निघालं, तर बाळांच्या पेट्यांचे सेल मी सोडू शकत नाही. एकही नाही. तुम्ही सही केलीत चौदा तारखेला. हे घर सोडून कधी गेले?”

आई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. भावाच्या कपाळावर आठी पडली. चौदा तारीख… तेरा तारखेला सकाळी त्यानं ट्रंक उचलली होती. खांद्याला लागलेली ती कड त्याला आठवली. पेट्या, सेल, सातवा प्रश्न, कचेरीतल्या भिंतीवर लावलेला तो कायदा… त्यानं सावकाश मान वळवून ताईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, कारण वॉर्डात सेल बदलायची वेळ होऊन गेली होती.

आणि त्याला सगळं कळलं!

तो उठला. ताट त्यानं असं जोरात सारलं की वाटी लवंडली. मग तीन मजले ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, “गेले म्हणजे काय विचारता, साहेब? हाकललं मला हिनं! तेरा तारखेला, सकाळी सव्वासात वाजता, ट्रंकेसकट! समोरच्यांना विचारा, दार उघडून बघत होते ते! पाच महिन्यांत हिनं मला एक फोन केला नाही, मी जगलो की मेलो याची चौकशी केली नाही… आज आईनं चोरून बोलावलं म्हणून आलो. हे ताटसुद्धा चोरीचं आहे! त्या दिवसापासून या बाईचा आणि माझा काही संबंध नाही. लिहा, लिहून घ्या!”

एकेक शब्द खरा होता. आणि एकेक शब्द बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तपासनिसाला तो संताप वाटला.

“खरंय हो, साहेब,” आई डाव धरूनच म्हणाली. तिलाही आत्ताच कळत होतं. “हिच्या नकळत बोलावलं मी. माझी चूक. पुन्हा नाही बोलावणार.”

तपासनीस समोरच्या घरी जाऊन आला. खोल्या बघितल्या, अंथरुणं मोजली. दोन. मग फाइल मिटून म्हणाला, “ठीक आहे. पण जेवायलासुद्धा नको, बाई. दर वर्षी तपासणी असते.” तो जिना उतरून गेला.

दार लागलं. आईनं लवंडलेली वाटी उचलली.

“सांगायचं तरी होतंस, ताई,” भाऊ म्हणाला, आता अगदी हळू. “हसत गेलो असतो मी.”

“म्हणूनच नाही सांगितलं. तू हसत गेला असतास, तर ते जाणं खरं नसतं झालं. तुम्हाला ठाऊक असतं, तर मी…”

“आम्ही काय तुझी यंत्रं आहोत? आमच्यावर प्रयोग केलास? पाच महिने मी त्या खोलीत छताकडे बघत एकच विचार करत होतो… माझ्या बहिणीला माझी किळस येते!”

तो शब्द तिच्या काळजात घुसला. इतका काटेकोर हिशेब मांडला होता तिनं, आणि त्यात ही एक गोष्ट कुठेच धरली नव्हती! ती म्हणाली, “चुकलं माझं… फार चुकलं. पेट्यांचा विचार केला, तुझा केलाच नाही. त्या दिवशी जे बोलले, ते सगळं मुद्दाम बोलले रे, तू जावंस म्हणून…”

“सगळं मुद्दाम नव्हतं,” तो म्हणाला. “हातात बंदूक नव्हती, हे खरं. पण हुकूम माझ्याच तोंडून पुढे गेला, ताई. एकदा ऐकला, एकदा सांगितला. पाच महिने तेही छतावर दिसत होतं.”

ताईनं त्याचा हात धरला आणि सोडला नाही. 

“आग लागो त्या नोकरीला! सोडून दे,” आई म्हणाली.

“सोडली तरी पाच वर्षं मला तुकडीतलाच धरतात, आई. कायद्यात तेही लिहिलंय, आमच्या कचेरीत लावलाय कागद.” त्यानं डोळे पुसले, बूट घातले. “बाळांना सेल येऊ देत. मी निघतो.”

“पण आता तुला कळलंय,” ताई व्याकूळ होऊन म्हणाली. “पुढच्या वर्षी मी कशी सही करू? ते नाटकच ना आता!”

“नाटक कसलं? आधी तू काढलंस म्हणून गेलो होतो. आता मी माझ्या मर्जीनं येत नाहीये. हे तर जास्तच खरं झालं!”

सोळा दिवसांनी सेल आले. आठही पेट्यांत ताईनं ते बसवले, प्रत्येकाला साध्या हवेत धरून पाहिलं. एकवीस, एकवीस, एकवीस… कितीतरी महिन्यांनी ती वॉर्डातल्या स्टुलावर दहा मिनिटं नुसती बसली. मोठ्या सिस्टरनी तिच्या हातात चहा दिला.

संध्याकाळी ती जिना चढली, तर तिच्या दाराच्या खालच्या पायरीवर भोंगा बसलेला, मांडीवर डबा. वर उंबऱ्याच्या आत, मांडी ठोकून, आई.

ताईनं जिन्यात खाली-वर बघितलं. “अरे, इथे कशाला! कुणी बघितलं तर?”

“बघू दे की. एका दाराआड राहणारी, बरोबर? दार तिथे वर. जिना सगळ्या वसाहतीचा आहे, तुझ्या एकटीचा नाही. आणि जेवण माझं मी करून आणलंय, माझ्या शेगडीवर.”

“मी त्याला एक चमचासुद्धा वाढलेला नाही,” आई वरून म्हणाली. मग, साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा, भिंतीशी नाही तर तिच्याशी: “दमलीस का गं?”

 ताई भावाशेजारी पायरीवर बसली. खालून पावलं वाजली, तिघंही श्वास रोखून गप्प झाली; वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर होता, मान हलवून निघून गेला. अशीच पावलं आता वर्षानुवर्षं ऐकत राहायची, हे तिला कळत होतं.

डब्यात बटाट्याची भाजी होती, तळाशी चांगलीच करपलेली. ताई त्या भाजीकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला, थांबली, कागदावरचं वाक्य मनात शब्दाशब्दानं पुन्हा तपासलं.

“काय गं?” भाऊ म्हणाला. “बसत नाही का तुझ्या कायद्यात?”

“माझ्या स्वयंपाकघरातलं तू खाल्लंस तर बसत नाही,” ती गंभीरपणे म्हणाली. “तुझ्या स्वयंपाकघरातलं मी एकदा खाल्लं, तर… त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.”

आणि तिनं करपलेल्या बाजूचा मोठा घास उचलला. तो गिळेपर्यंत तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“मीठ विसरला असेल,” आई उंबऱ्यावरून म्हणाली.

“हो,” ताई म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.