चादरीचा चौथा कोपरा

बसा, सांगते. घाबरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी आयसीयूत सिस्टर. दुपारची ड्यूटी, बाहेर लख्ख ऊन आणि नऊ नंबरच्या खाटेवर आमचे ट्रम्पेटवाले काका, एकशे ब्याऐंशी किलो. त्यांच्या वजनावर हसायचा हक्क फक्त त्यांना. दुसरं कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. सकाळीच त्यांच्या घशातली नळी काढली होती. आता श्वास टिकला तर घर, नाहीतर पुन्हा नळी, आणि या वेळी ती निघेल याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती.

अशा पेशंटला सपाट झोपवलं की पोटाचा भार छातीवर येतो. म्हणून खाट उशाकडून उंच ठेवायची आणि पेशंट पायथ्याकडे घसरला की अंगाखालची चादर चार कोपऱ्यांना चौघांनी धरून त्याला वर ओढायचं.

तीन वाजता काका घसरले. ऑक्सिजन नव्वद... शहाऐंशी... आम्ही तिघंच होतो: मी, वॉर्डबॉय आणि फिजिओथेरपीवाली. बाकीचे दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेले.

"तिघांत नाही व्हायचं, सिस्टर," वॉर्डबॉय म्हणाला.

"धर तू. एक, दोन, तीन."

काका अलगद वर गेले. आकडा चौऱ्याण्णव झाला. आनंदानं मला रडूच आलं. मग चौथ्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे कुणी नव्हतं... आणि चादर ताठ होती.

काका मास्कमधून पुटपुटले, "त्या कोपऱ्यावरच्या मावशींना म्हणावं... हात गार आहेत, जरा शेकून या."

पाच वाजता आम्ही चौघं जमलो, तर चादर तसूभर हलेना. मी एकाला बाजूला व्हायला सांगितलं. काका लगेच वर. मग आठ दिवस आम्ही तिघंच ओढायचो आणि "थँक्यू मावशी" म्हणायचो. काका हसून बेजार व्हायचे.

नवव्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी घरी गेले. या खाटांना वजनकाटा असतो. खाट रिकामी झाली तरी आकडा बावन्न किलोवर अडलेला. वॉर्डबॉयनं शून्याचं बटण दाबलं. शून्य झालं... आणि हळूहळू पुन्हा बावन्न.

"सिस्टर... नवीन पेशंट येतोय."

"त्याला दहा नंबर द्या. मावशी दमल्यात, पडू दे जरा."

दोन तासांनी पाहिलं, तर काट्यावर अजून बावन्न आणि चादर पायथ्याकडे घसरलेली. आम्ही तिघांनी तीन कोपरे धरले. चौथा आधीच ताठ होता.

आणि मावशी तर खाटेवर होत्या.