कडबाकुट्टीतलं भूत

"मामी!" किंचाळत तेजश्रीने ज्योत्स्नामामीचा पदर मागे ओढला. अडकलेला कडबा काढायला मामीने यंत्रात हात घातला होता, आणि वैरण कापणारी ती बंद कडबाकुट्टी घर्रकन सुरू झाली होती! हात वाचला. पण एक बांगडी फुटून कडब्यात पडली.

बटण तर कुणीच दाबलं नव्हतं! तिचा भाऊ सत्यम याने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"बाधा हाय," धोंडीराममामा दारात लिंबू-मिरची बांधत मामीला म्हणाले. "आता काय होत न्हाई. म्हशी उपाशी हायत, सांजच्याला कुट्टी करूनच टाक."

तेजश्री दचकली. सांजेला पुन्हा मामीचा हात त्या पात्यांपाशी!

सुट्टीला अंबाजोगाईहून नेकनूरला आलेली ही भावंडं आणि शेजारचा यासीन गोठ्यात यंत्रापाशी जमले.

"लई भ्या वाटतंय बे," यासीन पुटपुटला.

"मलाही! पण मघाशी मी त्या बटणाच्या डब्याला टेकले होते," तेजश्री म्हणाली. "डबा बॅटरीवर चालतो. मोटार बंदच ठेवू आणि आतला स्विच आपोआप टकटकतो का ते ऐकू."

तिने हात डब्याजवळ नेला. आतून आवाज आला, टक! तिघेही दोन हात मागे उडाले.

"मामा, असं आधी कधी झालं नव्हतं. डब्यात काय बदललंत?" तेजश्रीने दारातल्या मामांना विचारलं.

"जुनं तीन पायाचं जळालं, दुसरं तीन पायाचं लावलं. दोन्ही काळीच की!"

तेजश्रीने कपाळावर हात मारला. "मामा, ते दोन्ही ट्रान्झिस्टर, पण जात वेगळी! जुना बायपोलर. त्याच्या बेस नावाच्या पायात थोडा प्रवाह जात राहिला तरच तो चालू, बटण सोडलं की बंद. हा नवा फील्ड इफेक्टचा. याच्या गेट नावाच्या पायाला प्रवाह लागत नाही, नुसता विजेचा दाब पुरतो! बटण सोडलं की गेटची वायर मोकळी लोंबते. मग जवळ आलेला हातसुद्धा त्याला जागं करतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझा दिवा असाच आपोआप लागायचा!"

"उगं कायबी!" मामा हसले.

"मग न्या ना हात जवळ," सत्यम म्हणाला.

मामांनी हात नेला. टक! "अगं आई गं!" म्हणत ते थेट कडब्याच्या ढिगात बसले.

यासीन खो खो हसला. मामा हसले नाहीत. त्यांची नजर फुटक्या बांगडीवर गेली होती.

"ज्योत्स्ना," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातनं तुझा हात गेला असता."

दुपारच्या एसटीने ते बीडला गेले आणि जुन्याच जातीचा ट्रान्झिस्टर घेऊन आले. तेजश्रीने तो मिस्त्रीकडून बसवून घेतला. दहा वेळा हात जवळ नेला, डबा गप्प! मग मामांनी लिंबू-मिरची सोडली आणि म्हणाले, "पोरांनो, तुमी माझ्यापेक्षा शाणे निघालात. अडकलेला कडबा आता मेन स्विच पाडूनच काढायचा. आन् आज कुट्टी मी करणार."

मामीने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. त्या हातात एक बांगडी कमी होती.