टीनाच्या कार्डावर सगळं 'हो'

चंदाने ते कार्ड सासूच्या, यशोदाबाईंच्या, ताटाशेजारी आदळलं… संतापाने! तीन वर्षांच्या टीनाला काय काय जमतं, ते अंगणवाडीच्या तपासणीसाठी त्यावर लिहायचं होतं. आणि गावभरची पोरं तपासणाऱ्या सेविका यशोदाबाईंनी स्वतःच्या नातीपुढे सरसकट 'हो' लिहून ठेवलं होतं. मागून हाक मारली तर वळते? हो. दोन शब्द जोडून बोलते? म्हणे हो! आता कपाळावर हात मारायचा की भिंतीवर डोकं?

"आई, हे काऊन लिवलं? एक शब्द नाई बोलत ती."

"बोलंल. धर्मेंद्रही उशिराच बोलला. अन् बलावलं का येते ना माह्याजवळ."

"तुमी समोरून हात हालवता, म्हनून येते."

दीड वर्ष हेच गुऱ्हाळ! नवऱ्याला सांगावं तर धर्मेंद्र म्हणायचा, आई सेविका आहे, तिला कळत नसेल का? चंदाने टोमणे सोसले, अबोले सोसले… पण लेकराचं मुकेपण निमूट गिळायला तिचं मातृहृदय दगडाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सडक अर्जुनीहून डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत आलं. कार्ड पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही ठीक आहे, पुढचं मूल आणा."

चंदा उठली. खिचडीची थाळी घेऊन टीनाच्या मागे गेली आणि पळीने ती दाणकन वाजवली. सगळी पोरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. टीना मात्र शांतपणे चिंचोके रचत राहिली.

यशोदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साऱ्या बायांदेखत त्यांनी पेन घेतलं आणि एकेक 'हो' खोडला.

"मीच खोटं लिवलं, म्याडम. 'पोरायचं लपवू नका' म्हनत गावभर मी फिरते. माह्याच घरी असं निघालं, त मले कोन मानंल… म्हनून भेली."

गोंदियाला कानांच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली. कानाला मशीन लागलं, बोलण्याची शिकवणी मिळाली तर बोलेल, वय अजून हातात आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाहेर पायरीवर यशोदाबाई कोसळल्यागत बसल्या.

"दीड वर्स, चंदा… माह्या नातीचं दीड वर्स खाल्लं मी…"

बोलण्यासारखं चंदाच्या ओठांवर पुष्कळ होतं, सगळं कडू. पण टीना येऊन आजीचं तोंड न्याहाळू लागली होती, आणि तिची हनुवटीही कापायला लागली होती.

"उगी राहा, आई," चंदा वैतागून म्हणाली आणि त्यांचे डोळे आपल्याच पदराने पुसू लागली. "आयकू नसंल येत तिले, पन पाहून राहिली ना ती तुमाले."