नाउला दुसरं कुणी नको

पावसाचं भुरभुर चाललं होतं आणि तो माझ्या टपरीसमोर उभा राहून पातेल्यात डोकावत होता. सकाळचे साडेपाच. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक.

"माशाच्या वड्या ताज्या आहेत का?"

"छे हो, आजीच्या लग्नातल्या उरल्यात."

तो हसला. भाव विचारला, मान हलवली... आणि चक्क पुढे निघाला! आमच्या क्वी न्योन गावात पहिलं गिऱ्हाईक नुसता भाव विचारून गेलं की दिवस वाया गेलाच म्हणून समजा. मी कागद पेटवला आणि दृष्ट काढावी तसा त्याच्या पाठीमागे फिरवला. नेमका तेव्हाच तो वळला.

"मला जाळतेस की काय?"

"तुम्हाला नाही, तुमच्या पायगुणाला."

आला परत. बसला. दोन वाट्या शेवया रस्सा-वड्यांसकट संपवल्या आणि वर म्हणाला, "आता कसा आहे पायगुण?"

"बघू. संध्याकाळी सांगते."

झालं, संध्याकाळी विचारायला हजर!

त्याचं नाव लाम. सायगॉनचा. गावोगाव हिंडायचं आणि प्रवाशांनी कुठे कसं फसू नये याची पुस्तकं लिहायची, हा त्याचा धंदा. माणूस भलता हुशार, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. मासळी तोलण्याआधी पिशवीतलं पाणी ओतायला लावायचा. पौर्णिमेच्या आसपास खेकडा खायचा नाही, पोकळ निघतो म्हणून. बसवाल्यानं एक भाडं सांगितलं तर हा दुसरंच ऐकवायचा, तेही हुबेहूब आमच्या हेलात. टपरीवर येईल ते ऐकायचा आणि वहीत उतरवायचा.

"थोआ, 'नाउ' म्हणजे 'ती माणसं', बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

चार दिवसांसाठी आलेला माणूस बावीस दिवस राहिला. रोज सकाळी माझ्या टपरीवर. एकदा किनाऱ्यावर जेवायला घेऊन गेला. स्वतः जेवायचं सोडून एकेक कोळंबी सोलून माझ्या वाटीत टाकत होता... आमच्याकडे पुरुषानं कोळंबी सोलून दिली की पोरीनं काय ते समजून घ्यायचं असतं. मी समजले. बोटं भाजली त्याची, तरी सोलत होता.

"पाहुणे, पुस्तकात हे लिहिणार का?"

"हे? हे मी कुणाला सांगत नसतो."

मी मान खाली घालून खात राहिले. इतकी गोड कोळंबी मी जन्मात खाल्ली नव्हती, खरंच सांगते.

पण तो काही बोलेना. आणि इकडे आईनं माझ्या लग्नाची घाई मांडली. पलीकडच्या गल्लीतला थान्ह, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याच्या घरचे रविवारी पानसुपारी घेऊन येणार होते. आई म्हणाली, "शनिवारपर्यंत नको म्हण, नाहीतर गप्प बस." मी लामला सांगायचं ठरवलं. बुधवारी दुपारी त्याची गाडी होती. तो पाठीवर पिशवी अडकवूनच टपरीवर आला.

"रविवारी थान्हच्या घरचे येतायत," मी म्हटलं. "पानसुपारी घेऊन."

त्याचा चमचा थांबला. "मग? तू काय ठरवलंस?"

आता आमच्याकडे पोरीला मनातलं बोलायची लाज वाटली की ती 'मी' म्हणत नाही, 'नाउ' म्हणते. नाउला भूक लागली. नाउ रुसलीय. इथलं शेंबडं पोरही ओळखतं. आणि हा तर सगळं जाणणारा! मी रस्सा ढवळत, त्याच्याकडे न बघता बोलून टाकलं –

"नाउला दुसरं कुणी नको. शनिवारपर्यंत वाट बघायची... मग नाइलाज."

तो हळूच म्हणाला, "म्हणजे फारच जीव आहे म्हणायचा."

"आहेच," मी म्हटलं. लाजेनं मेले होते नुसती.

"मला कळलं, थोआ."

उठला, जाताना माझ्या ओल्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि गेला. मी वेडी, घरी जाऊन गाणं गुणगुणत भांडी घासली!

शनिवारी मी टपरी बंदच केली नाही. शेवया संपल्या, रस्सा आटला, आई दोनदा बोलावून गेली. तो आला नाही. रविवारी सुपारी फुटली.

दोन वर्षं झाली त्याला. आज दुपारी मी पातेलं उतरवत होते आणि समोर लाम. जरा वाळलेला.

"बरी आहेस?" स्टूल ओढत त्यानं विचारलं. "माणसं बरी निघाली ना?"

"कुठली माणसं?"

"थान्हच्या घरची. तूच नाही का म्हणालीस, त्यांना दुसरी कुणी नको म्हणून. शनिवारपर्यंत वाट बघतायत म्हणून."

माझ्या हातातून पळी रश्श्यात पडली.

"'त्यांना' असं कोण म्हणालं?"

"अगं, तू म्हणालीस ना... नाउ."

"नाउ म्हणजे मी हो!" मी ओरडलेच. "मी! मला दुसरं कुणी नको होतं. मी वाट बघत होते. इथं, याच जागी, रस्सा आटेपर्यंत!"

तो पांढराफटक पडला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय खोटं?

"मी त्या दिवशी वाटेतच, तुय होआला उतरलो होतो," तो म्हणाला. "इकडे परत यायची गाडी समोरच उभी होती. म्हटलं... कशाला कुणाच्या ठरलेल्या घरात पाय घालायचा. तूच म्हणालीस ना, जीव आहेच."

"आहेच म्हटलं ना मी? मग?"

"थोआ... आता काही –"

"आता काही नाही. जा तुम्ही. माझा नवरा जेवायला यायची वेळ झाली."

तो उठला. स्टूल जागच्या जागी सरकवून निघाला. मी थांबवलं नाही. रस्त्यापर्यंत त्याची पाठ दिसत होती आणि मला त्याच्यामागे धावत सुटावंसं वाटत होतं, हे मी कुणाला सांगू?

दोन वर्षं मी मनाची समजूत घालत होते – त्याला मी नको होते, संपलं. थान्हच नशिबात होता. या समजुतीवर मी संसार मांडला. आणि थान्ह माणूस म्हणून लाखात एक. वाईट असता तर निदान रागावता तरी आलं असतं. पण नशीब-बिशीब काही नव्हतंच. एका शब्दाची चूक होती, आणि त्या चुकीशी मी लग्न केलं होतं.

थोड्या वेळानं थान्ह आला. हाताला इंजिनाचं काळं तेल, ते चोळून चोळून धुतलं त्यानं. माझ्याकडे एकवार पाहिलं.

"दमलीस ना? बस जरा. मी वाढतो."

मी बसले. त्यानं माझी वाटी आधी भरली. कालपर्यंत मला यात बरं वाटायचं.