न निवलेला ठोकळा

साल अडुसष्ट. त्या वर्षी थंडी लवकर पडली, आणि सुताराच्या अंगातला ताप काही केल्या निघेना.

सुताराच्या बायकोला सगळे थोरली म्हणत. घरातली मोठी सून म्हणून सासूने ते नाव पाडलं, आणि सासू गेल्यावरही तिचं खरं नाव कोणी वर काढलं नाही. घरात ती, नवरा, शाळेत जाणारी एक लेक आणि धाकटा दीर. घरामागे सुताराचं कामाचं शेड होतं. ते आदल्या वर्षीच्या वादळात एका अंगावर कललं आणि मग हळूहळू बसलंच. खांब मातीत पुरलेले होते, बुडातून पार भुसा झाले होते. दुसऱ्यांची दारं-खिडक्या करणाऱ्याला स्वतःच्या खांबांकडे बघायला सवड झाली नव्हती, दुसरं काय!

नवं शेड बांधायचं ठरलं आणि तेवढ्यात सुतार अंथरुणाला खिळला. सकाळी ताप उतरे. दुपारी डोळे जड होत. संध्याकाळी कपाळावर हात ठेववत नसे. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. शेवटी थोरलीला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाले, "अंगात काही उरलं नाहीये त्यांच्या. एवढा हिवाळा निघाला तर बघू."

ती आत आली. ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसली. दुसऱ्या दिवशी दिराला म्हणाली, "भावोजी, शेडचं काम काढा."

"वहिनी, दादा असा पडलेला, आणि आत्ता शेड?"

"आत्ताच. उठलेल्या माणसाला जायला जागा नको?"

दिराने वाद घातला नाही. त्या बाईचं तोंड बघून कोणीच घातला नसता.

गवंडी आला तो ओळंबा. उंच, किडकिडीत, आणि भिंतीपाशी उभा राहिला की सरळ टांगल्यासारखा दिसायचा, म्हणून सगळ्या गवंड्यांत त्याला ते नाव पडलेलं. तो म्हणाला, "यंदा खांब मातीत नाही पुरायचे. खांबागणिक खोल खड्डा, खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा, जमिनीच्या वर हातभर आलेला. त्यात लोखंडी पट्ट्या रोवू आणि खांब वरच्या वर बोल्टने आवळू. लाकडाला मातीचं तोंड दिसायचं नाही."

"टिकेल ना?" थोरलीने विचारलं.

"काँक्रीट एका दिवसात धरतं, वहिनी. पण घट्ट होत राहतं वर्षानुवर्षं. आपण सगळे गेलो तरी त्याचं चालूच."

खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात घेतले. दीर पहारीने खणायचा आणि खड्ड्यातून बोलत राहायचा. "ओळंबोजी, आणखी खोल? पलीकडून कोणी हाक मारील आता." "मारली तर ओ देऊ नका," ओळंबा म्हणायचा, "चहाला बोलवावं लागेल." थोरली खडी चाळायची, पाणी आणायची, आणि मध्येच हात पुसून घरात जाऊन नवऱ्याचं कपाळ बघून यायची. रात्रभर जागून दिवसा घमेली उचलायची म्हणजे काय, ते तिच्या कमरेलाच माहीत.

काँक्रीट ओतायच्या दिवशी, मागच्या कोपऱ्यातला शेवटचा खड्डा भरत असताना, सुतार कांबळं पांघरून बाहेर आला. लेकीने धरलं होतं, तरी पाय लटपटत होते.

"तुम्ही कशाला उठलात?" थोरली ओरडली.

"माझं शेड. मी नको बघायला?"

तो ठोकळ्याशी बसायला गेला आणि बसताना त्याचा गुडघा खुंटीला आणि ओल्या काँक्रीटच्या साच्याला लागला. दोरी हलली, साचा सरकला, पण कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. त्याने थापीने सारख्या केलेल्या ओल्या काँक्रीटवर तळहात टेकला, आपण तापलेल्या मुलाच्या पाठीवर टेकतो तसा.

"किती गार आहे गं," तो म्हणाला.

"हात काढा. सिमेंट कातडी खातं."

"राहू दे. बरं वाटतंय."

डोळे मिटून तो तसाच बसला. ओळंबा अवघडून थापी धूत राहिला. शेवटी थोरलीने मनगट धरून हात उचलला, धुतला. हातावर साधी लाली नव्हती. ओळंब्याने ठोकळ्यावरचा पंजाचा ठसा थापीने पुसून घेतला.

त्या संध्याकाळी सुताराला ताप आला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी नाही, तिसऱ्याही नाही. तो जेवला. दिराने हळूच डोळे पुसले आणि वर थट्टा केली, "दादा, शेडच्या नावाने उठलास. आधी सांगितलं असतंस तर उन्हाळ्यातच बांधलं असतं!"

ठोकळे ओले ठेवायचं काम थोरलीचं. ओळंब्याने प्रत्येकाला गोणपाट गुंडाळून दिलं होतं. त्यावर दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. बाकीची गोणपाटं सकाळपर्यंत भिजलेली असत, बोटं बधिर होतील इतकी गार. मागच्या कोपऱ्यातलं मात्र खडखडीत कोरडं. तिने खाली हात घातला. ठोकळा कोमट होता.

"धरताना तापतंच ते," ओळंबा म्हणाला. "सिमेंटचा गुण आहे. एक-दोन दिवसांत निवेल."

आठवडा गेला. ठोकळा निवला नाही. ओळंब्याने तळहात लावून पाहिला, मग हाताची मागची बाजू लावून पाहिली. "या कोपऱ्याला ऊन जास्त लागत असेल," तो म्हणाला. ऊन त्या कोपऱ्याला सगळ्यांत कमी लागत होतं, आणि ते त्यानेच आधी सांगितलं होतं. पण थोरलीने त्याला आठवण करून दिली नाही.

तिला वेगळंच काही कळलं होतं. सकाळी ठोकळा जेमतेम कोमट असे. दुपारनंतर चढू लागे. दिवेलागणीला त्यावर पाणी मारलं की वाफ निघे. हे चढणं-उतरणं तिच्या तळहाताला कित्येक महिन्यांच्या सवयीचं होतं. वेळेत जराही फरक नव्हता.

 ती नेमाने पाणी मारत राहिली.

खांब उभे करायच्या दिवशी ओळंब्याने दोऱ्या पुन्हा ताणल्या आणि एक डोळा मिटून ओळ पाहिली. मागच्या कोपऱ्यातला ठोकळा चांगला वीतभर ओळीबाहेर होता.

"असं व्हायचं नाही माझ्याकडून," तो पुटपुटला. "खुंटी हलली असणार. वहिनी, हा फोडतो आणि नवा ओततो."

"राहू द्या तसाच."

"तसाच? लोक म्हणतील गवंडी पिऊन आला होता."

"लोक तसंही म्हणतातच," दीर म्हणाला.

ओळंबा हसला नाही. त्याने घण आणला, पाय रोवले आणि ठोकळ्याच्या कडेवर घाव घातला. टवका उडाला.

घरातून लेकीची किंकाळी आली.

"आई! बाबांना बघ काय होतंय!"

थोरली धावली. सुतार खाटेवर बसला होता, दात एकमेकांवर आपटत होते, हुडहुडीने खाट हलत होती. तिने कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. भाजला होता.

ती तशीच मागे पळाली. ओळंब्याने घण पुन्हा उचलला होता.

ती मध्ये जाऊन उभी राहिली.

"वहिनी, बाजूला व्हा."

"नाही."

"अहो, लागेल."

"लागू दे."

ओळंब्याने तिच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. आतली खाट अजून वाजत होती. त्याने घण खाली ठेवला. तिने उडालेला टवका जमिनीवरून उचलला, जागच्या जागी बसवला आणि वरून तळहात दाबून धरला. खाटेचा आवाज कमी होत गेला. मग थांबला.

"सिमेंट कालवा," ती म्हणाली. "हा टवका पक्का करून द्या मला."

शेड तसंच झालं, एका कोपऱ्यात तिरकं. आडवी लाकडं तासून बसवली, पत्रे तिरपे कापले. ओळंबा पुढे पुष्कळ वर्षं बांधकामं करत होता, पण त्या रस्त्याने जायचं टाळायचा. म्हातारपणी सूनबाईकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. दीर दुसऱ्या गावी कारखान्यात लागला, संसारात रमला. सुट्टीत येई तेव्हा दादाशी थट्टा करायचा, आणि दरवेळी जरा लवकर परत जायचा.

कारण सुतार बरा झाला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. पुन्हा कधी आजारी पडला नाही. साधी शिंकसुद्धा आली नाही. कामही करायचा, पण वर्षागणिक सावकाश. बोलणं आटलं. हात गार पडले आणि गारच राहिले. संध्याकाळ झाली की चपला काढून त्या कोपऱ्यात जायचा आणि उघडे तळवे ठोकळ्याला लावून बसायचा. हाक मारली तर ऐकू गेल्याचं दिसे, पण मान वळायला वेळ लागे. पुढे पुढे ती वळेनाशी झाली, आणि तो दिवसभर तिथेच बसून राहू लागला. खाटेचे पाय वाकले म्हणून दोनदा बदलावे लागले. माणूस मात्र पहिल्याइतकाच बारीक.

थोरली त्याला भरवायची, पुसायची, त्याच्याशी बोलायची. आपण नवऱ्याला राखलं, हे ती मनाशी म्हणायची. रोज जरा कमी जोराने म्हणायची.

एका संध्याकाळी तो ठोकळ्याशी बसल्या जागीच गेलेला आढळला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेले असावेत. तिने दुपारी त्याचं तोंड पुसलं होतं, तिला काहीच फरक कळला नव्हता. त्याला उचलायला आलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आणखी माणसं बोलावली. सगळे गेल्यावर तिने जाऊन ठोकळ्याला हात लावला. तो निवला असेल असं तिला वाटलं होतं.

तो गरम होता. संध्याकाळ होती.

तिने शेडला कुलूप लावलं. तेच तेच उगाळत बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. लेक तोवर शाळेत मास्तरीण झाली होती. ती आईला आपल्या घरी घेऊन गेली. घर आणि मागची जागा विकली. पुढे थोरलीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती पट्टी बांधून पडली होती, त्याच दिवसांत नव्या मालकाने शेड पाडलं, ठोकळे फोडले. पट्टी सुटल्यावर तिने लेकीला विचारलं, "ते फोडलेलं काँक्रीट कुठे टाकलं गं?"

"वाया नाही गेलं, आई. आमच्या शाळेत लहान मुलांची नवी खोली झाली ना, तिच्या फरशीखाली भराव म्हणून घातलं. मीच मागून आणलं."

 थोरलीच्या हातातला चहा निवत होता.

"आणि खोली काय छान झाली आहे म्हणून सांगू," लेक वह्यांची चळत सारखी करत म्हणाली. "एवढ्या थंडीत फरशी उबदार लागते. पोरं आपणहून चपला काढून बसतात. आणि इतकी शांत! घंटा झाली तरी जागची उठत नाहीत."